डिंभ्याची लिंक जोडणारे नामाभाऊ

नामाभाऊ गोफणे कुठलंही काम हातात घेण्याआधी मोठ्याने सांगायचे, "मला भ्या वाटतंय." शिडीवर चढण्याआधी सांगायचे, संगणकाचं झाकण उघडण्याआधी सांगायचे. आमच्या दवाखान्याच्या गच्चीवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पन्नाशीचा, धोतर-सदऱ्यातला, डोक्याला मफलर गुंडाळलेला हा माणूस लोखंडी खांबाच्या बुडाशी उभा राहून हेच म्हणत होता. मला हसू आलं. आमच्याकडचे पुरुष बिबट्या समोर आला तरी 'भ्यालो' म्हणत नाहीत. नामाभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हसा सिस्टर. पन शिडी धरा."

मी मूळची जुन्नरची. नर्सिंग झाल्यावर डिंभे धरणाजवळच्या या छोट्या धर्मादाय दवाखान्यात लागले. डॉक्टर आठवड्यातून दोनदा मंचरहून यायचे. बाकीचे दिवस मी, एक मावशी आणि खाली पसरलेलं धरणाचं पाणी. एसटी यायची तर यायची. पावसात टेलिफोनची लाईन हमखास मरायची आणि मोबाइलची रेंज तेव्हा डिंभ्यापर्यंत पोचली नव्हती. खरं सांगायचं तर भीती मलाच जास्त वाटायची. आपल्या हातात कुणीतरी मरेल, आणि विचारायला कुणी नसेल, ही भीती. सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडताना पायरीवर कुणी कण्हत बसलेलं तर नाही ना, हे मी आधी लांबूनच बघायचे.

त्यावर उपाय म्हणून संस्थेने वायरलेस लिंक बसवायचं ठरवलं. आमच्या गच्चीवरून मंचरच्या डॉक्टरांच्या गच्चीपर्यंत, मधे तार नाही, नुसत्या लहरी. दोन्हीकडे जाळीच्या अँटेना, दोन्हीकडे जुने संगणक आणि त्यांत प्रत्येकी एक वायरलेस कार्ड. ते काम नामाभाऊंकडे आलं.

नामाभाऊ महाळुंगे पडवळचे. वडील मेंढरं घेऊन फिरणारे. नामाभाऊ मात्र टेलिफोन खात्यात लाईनमन झाले, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मंचरला दुरुस्तीचं दुकान टाकलं. संगणकाच्या मासिकाबरोबर मिळालेल्या एका सीडीवरून ते लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली शिकले. इंग्रजी वाचायचं तर शेजारी शब्दकोश उघडा. कार्डाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या परदेशातल्या लोकांना ते ई-मेल पाठवत आणि खाली 'आपला आज्ञाधारक' याचं इंग्रजी लिहीत. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं की ते छापून घेऊन डिंभ्याला यायचे आणि मला अर्थ विचारायचे. मला निम्मा कळायचा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

लिंक सुरू झाली, पण चालेना. दोन ओळींचा निरोप जायचा. फोटो पाठवला की पडद्यावरची पट्टी थोडी सरकायची, थांबायची, तुटायची. कार्ड नवं, अँटेना नीट, तरी वेग गोगलगाईचा. मी विचारलं, "भाऊ, कार्ड खराब आहे का?"

"कार्ड गुनी हाय. त्येला शिकवनारा चुकीचा हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं ते मी अजून विसरलेले नाही. "मी लहान व्हतो तवा आमचा बा वढ्याच्या ह्या अंगाला आन् चुलता त्या अंगाला. बानं हाळी दिली की चुलत्याचं उत्तर यायला येळ लागायचा. बा थांबायचा. ह्ये कार्ड थांबत न्हाई. कंपनीनं त्येला घरातल्या घरात बोलायला शिकवलंय. मंचरचं उत्तर वाटंवर असतंय, तवर हे म्हनतंय, ऐकूच गेलं न्हाई, आन् पुन्यांदा हाळी देतंय. मंग हाळीवर हाळी. शेवटी वाटतंय पलीकडचा बहिरा हाय, म्हनून एकेक अक्षर हळूहळू बोलायला लागतंय."

"मग त्याला थांबायला शिकवा की."

"कंपनीचा डायवर, म्हंजी कार्ड चालवनारा प्रोग्रॅम, कुलपात हाय. आत हात घालता येत न्हाई. पन काही लोकांनी उघडा डायवर लिहिलाय. कार्डाच्या पोटात भरायचा बारका प्रोग्रॅम असतोय, फर्मवेअर, त्यो पन उघडा केलाय. त्यात अंतर सांगता येतं. म्हनायचं, बाबा, पलीकडचा इतका लांब हाय, इतका दम धर."

"मग घाला की आजच!"

त्यांनी मान हलवली. "सिस्टर, आत्ता दोन ओळी तरी जातात. माजं चुकलं तर त्याबी जायच्या न्हाईत."

अशी त्यांची चाल. मला कधी कधी राग यायचा. दुकानातल्या दोन संगणकांवर ते महिनाभर नवा ड्रायव्हर तपासत बसले. एकदा मी वैतागून म्हटलं, "इतकं भिऊन कसं चालेल भाऊ?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "भ्या म्हंजी कुत्रं हाय. भुकतंय तवर मेंढरं शाबूत. ते गप झालं की समजायचं, वाघ आला."

आणि मग, चहा पिता पिता, त्यांनी ती गोष्ट सांगितली. लाईनमन असताना अवसरीच्या रस्त्यावर एका खांबाशी ते आणि त्यांचा जोडीदार उभे होते. वादळात विजेची तार टेलिफोनच्या तारेवर पडली होती. वीज बंद केलीय असं कुणीतरी म्हणालं. नामाभाऊ तेव्हा तिशीचे. त्यांनी तपासलं नाही. "चढ रे, काय व्हत न्हाई," म्हणाले. जोडीदार चढला. "त्यो खाली पडला तवा माज्या पायाशी पडला," नामाभाऊ कपाकडे बघत म्हणाले. "मला त्या दिवशी भ्याच वाटलं नव्हतं, सिस्टर. एवढंच चुकलं." त्यानंतर मात्र शिडी धरताना मी कधी हसले नाही.

श्रावणातल्या एका बुधवारी ते सकाळच्या एसटीने आले. मंचरच्या टोकाला त्यांनी आठवड्यापूर्वीच उघडा ड्रायव्हर बसवला होता. आता आमच्या टोकाची पाळी होती, पण त्या दिवशी फक्त फाइली संगणकात ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात बदल करायचा, असं त्यांचं ठरलेलं. पाऊस कोसळत होता. फोन दोन दिवस बंद. आमची जीप एका अडलेल्या बाईला घेऊन घोडेगावला गेलेली.

दहाच्या सुमारास चौघांनी बबनला घोंगडीत घालून आणलं. बबन धरणात मासे धरायचा. वय चाळीस, अंगाने काटक. चेहरा राखेसारखा झालेला, अंग घामाने भिजलेलं. "छातीत घन घातल्यावानी व्हतंय," एवढंच तो बोलला. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती रडत नव्हती. फक्त माझ्या हातांकडे बघत होती.

मी हृदयाचा आलेख काढला. मला जे दिसत होतं ते झटक्यासारखं दिसत होतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये होतं, पण ते मी माझ्या मनाने देऊ शकत नव्हते. निदान चुकलं तर तेच इंजेक्शन माणसाला मारू शकतं. आलेखाचा फोटो काढून मी मंचरला पाठवायला लावला. पट्टी थोडी सरकली आणि तुटली. पुन्हा लावली. पुन्हा तुटली. डॉक्टरांचा निरोप आला: "आलेख पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. लवकर पाठवा." मी शब्दांत आलेख लिहून बघितला. उत्तर आलं: "यावरून नाही."

माझ्या मागे नामाभाऊ कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांना रक्ताचं, दुखण्याचं बघवत नसे. रोगी आला की ते पडवीत जाऊन बसायचे. आता ते संगणकाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सिस्टर, नवं घालून बघता येईल."

"घाला मग!"

"ऐका. लागलं तर फोटो मिनटात जाईल. न्हाई लागलं तर दोन ओळीबी जायच्या न्हाईत. डॉक्टर आपल्याला दिसायचा न्हाई. मी हे हितं एकदाबी करून बघितलं न्हाई." ते माझ्याकडे वळले. "हे माज्या एकट्याच्या जिवावर मी करनार न्हाई. तुमी सांगा."

आयुष्यात इतकी भीती मला आधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. पलंगावर बबन तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. मी त्याच्या बायकोकडे बघितलं. तिला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. मी म्हटलं, "करा."

ते खुर्चीवर बसले. जुना ड्रायव्हर काढताच अँटेनेच्या वायरीजवळचा कार्डाचा हिरवा दिवा विझला. त्यांनी नवा चढवला. दिवा लागला नाही. पडद्यावर इंग्रजी ओळी धावल्या आणि थांबल्या. दिवा लागला नाहीच.

"भाऊ?"

"बोलू नका."

ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते, शाळेतलं पोर धडा वाचतं तसे. मी बबनची नाडी धरली. ती मला सापडेना, मग सापडली, मधेच एक ठोका चुकला. मी मनात आकडे मोजायला लागले आणि कुठवर आले ते विसरले. मावशी देवाचं नाव घेत होती. तिला गप करायचं भान मला नव्हतं.

"फर्मवेअर सापडंना झालंय त्येला," नामाभाऊ स्वतःशीच म्हणाले. "मी दुसऱ्याच ठिकानी ठिवलंय. माजी चूक." त्यांनी फाइल हलवली. पुन्हा ड्रायव्हर काढला, पुन्हा चढवला. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि लागून राहिला. मग त्यांनी एका ओळीत मंचरचं अंतर लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाडा."

पट्टी भरली. मी पुन्हा बघितलं, कारण विश्वास बसेना. एका श्वासात पूर्ण फोटो गेला होता.

डॉक्टरांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "झटकाच आहे. इंजेक्शन सुरू करा. मी समोरून उठत नाही. दर पाच मिनिटांनी दाब कळवा." तासभर थेंब थेंब औषध जात राहिलं आणि मी आकडे पाठवत राहिले. मधे एकदा दाब इतका खाली आला की मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी काय करायचं ते लिहिलं, मी केलं. तासाभराने बबनने डोळे उघडून पाणी मागितलं. दुपारी जीप परत आली आणि त्याला मंचरला घेऊन गेली. तो वाचला. पुढे कितीतरी वर्षं गोळ्या न्यायला येत होता.

सगळं आवरल्यावर मी पडवीत आले. नामाभाऊ भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. "कप धरवत न्हाई," म्हणाले. मी त्यांचे आभार मानायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "फाइल चुकीच्या जागी व्हती, सिस्टर. तेवढी मिनटं माजी." एवढं बोलून चारच्या एसटीने ते गेले.

लिंक त्यानंतर छान चालली. ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, कार्डाचा वेग बघायचे, परदेशातल्या त्या लोकांना अंतर आणि आकडे कळवायचे. त्या बुधवारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी दोनदा प्रयत्न केला, त्यांनी दोन्ही वेळा पाऊसपाण्याची गोष्ट काढली.

दीड वर्षाने दुकानात काम करतानाच ते खुर्चीवरून कलंडले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी मंचरहून निरोप पाठवला. त्या दिवशी दवाखान्यात दोन बाळंतिणी होत्या, मला निघता आलं नाही. आठव्या दिवशी मी महाळुंग्याला गेले.

त्यांच्या पत्नीला मी कधी भेटले नव्हते. बुटकी, सावळी, कपाळ मोकळं. घरातल्या बाया आत गेल्या तेव्हा तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुमच्याकडं ह्ये करायचे तरी काय? मला कधी कळंल असं सांगितलं न्हाई. कार्ड, कार्ड, एवढंच."

मी तिला सगळं सांगितलं. बबन, आलेख, विझलेला दिवा, बोट ठेवून वाचलेल्या ओळी. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "कोन्ता दिवस ह्यो?"

"श्रावणातला बुधवार. दीड वर्षामागचा."

अंगणात शेळी ओरडत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"त्या राती भिजून आले व्हते," ती म्हणाली. "मी ताट वाढलं. म्हनले, भूक न्हाई. घोंगडी घिऊन भिताडाकडं तोंड करून पडले. मी म्हनलं, दिसभर बाहेर हिंडता, आन् मी चुलीपुढं बसून केलेल्या भाकरी वाया जातात." तिने पदर तोंडाशी नेला. "दोन दिवस बोलले न्हाई मी त्येंच्याशी, बाई. भाकरीपायी."