सावली काढू का, बाई?

सोहम, तन्वी,

तुमचे बाबा दिवाळीत येताना माझ्यासाठी नवा लॅपटॉप आणणार आहेत. त्याआधी हे लिहून ठेवते. गेल्या रविवारी फोनच्या कॅमेऱ्यातून माझा पडदा बघून तन्वीने विचारलं, "आजी, तुझ्या गेममधल्या झाडांना सावल्या का नाहीत?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर एका माणसापाशी जातं, आणि तो माणूस मला अजून पुरता समजलेला नाही.

"सावली काढू का, बाई?" असं ते विचारायचे. विचारताना त्यांचा डावा तळहात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर असायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

नाव लिहीत नाही. कुंभवलीच्या नाक्यावर त्यांचं छोटं दुकान होतं आणि त्याच्या पाटीवरही त्यांनी नाव घातलं नव्हतं, फक्त 'रिपेरिंग' एवढंच होतं. त्याआधी तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळले. कारखाना बंद झाल्यावर ते कॉम्प्युटर उघडायला शिकले. त्यांची मुलगी पालघरच्या शाळेत माझ्याकडे इंग्रजी आणि गणित शिकली होती, म्हणून मी 'बाई'.

तुम्ही तो गेम मला पाठवलात तेव्हा घरात तुमच्या आजोबांचा, पत्रं टाइप करण्यापुरता घेतलेला कॉम्प्युटर होता. गेम सुरू केला की पडद्यावरचा माझा माणूस एक पाऊल टाकायचा, मग बराच वेळ पाय हवेत धरून उभा राहायचा. मी त्यांना उमरोळीला घरी बोलावलं. त्यांनी हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, मशीन बारीक हाय, काम मोठं हाय. काय काय सोडता येतंय ते बघू."

आमची कामाची रीत विचित्र होती. सेटिंगची सगळी यादी इंग्रजीत. मला प्रत्येक शब्द वाचता यायचा आणि एकाचाही उपयोग कळायचा नाही. त्यांना उपयोग कळायचा, पण इंग्रजी वाचायला ते अडायचे. मग मी मोठ्याने वाचायची, ते बटण दाबायचे, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघायचे. दर सेकंदाला किती चित्रं उमटतात, त्याचा तो आकडा. कारखान्यातल्या जुन्या पाळीच्या वहीत मी सेटिंगचं नाव लिहायची, समोर ते आकडा टाकायचे. अकरा. बारा. परत अकरा.

"एवढ्यासाठी इतका वेळ?" मी विचारलं. "सगळंच एकदम कमी करून टाका ना."

"नाय बाई. एका टायमाला एकच. दोन व्हॉल्व्ह एकदम फिरवले तर कोणत्याने काय झालं, कसं कळायचं?"

हे मला पटलं. पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत, असं मी वर्गात आयुष्यभर सांगत आले. तरी एकदा, ते येण्याआधी टेबल आवरावं तसं मी स्वतःच तीन सेटिंग खाली आणून ठेवली. त्यांनी आकडा पाहिला, वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हात लावला?"

"थोडासा."

"कोणतं?"

"तीन होती. कोणती ते... आता सांगता येत नाही."

ते रागावले नाहीत. वहीवर एक आडवी रेघ मारली, खाली 'पयल्यापासून' असं लिहिलं आणि पाणी मागितलं. इतकी ओशाळी मी हेडबाईंसमोरही कधी झाले नव्हते.

हळूहळू आकडा वर गेला. माझा माणूस चालू लागला. आणि तिथून खरा घोळ सुरू झाला, तो तुम्हाला आठवत असेल. तुमची शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझी रविवारची सकाळ. तुम्ही फोनवरून ओरडायचात, "आजी, आम्ही समोरच्या टेकडीवर आहोत! उड्या मारतोय!" मी समोर बघायची. टेकडी कुठे होती? पांढरं धुकं होतं. मी उजवीकडे जायची, डावीकडे जायची, एकदा नदीत पडले. तीन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी सोहम म्हणाला, "राहू दे आजी, तुला नाही जमणार," आणि मागून त्याचा मित्र हसला. पुढचा शनिवार शेवटचा, मग तुम्ही दुसरा गेम सुरू करणार होतात.

हे मी त्यांना सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. चहा होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून. "मुलं म्हणतात समोरच टेकडी आहे. मला तर दिसतच नाही. माझ्याच डोळ्यांना काही झालंय का?"

त्यांनी वही घेतली आणि ते पानं उलटी चाळत गेले. एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ माझ्याच अक्षरात होती: किती लांबपर्यंतचं दिसावं, त्याचं सेटिंग. समोर त्यांचा आकडा, एकदम सहाने वाढलेला. त्या दिवशी आम्ही दोघं केवढे खूश झालो होतो! "लांबचं कोणाला बघायचंय?" असं ते म्हणाले होते, आणि मीही हो म्हटलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "ही टेकडी आमीच काढली."

मग त्यांनी मला एक एक नाव वाचायला लावलं. लांबचं दिसणं पुन्हा वर नेलं. आकडा धाडकन खाली आला, माणसाचा पाय पुन्हा हवेत. "सावली काढू का, बाई?" काढा. "पाण्यात दिसतंय ते झाड?" काढा. "गवत?" काढा. "ढग?" ढग मला आवडायचे. मी थांबले, तर त्यांनी उत्तराची वाट न बघता तेही काढले. दोन-दोन, तीन-तीन बटणं एकदम.

"अहो, एका टायमाला एकच ना?"

"आता नेम नाय बाई. आता टेकडी."

रविवारी सकाळी ते दुकान उघडायच्या आधी आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. गाव बोडकं झालं होतं, नदी पत्र्यासारखी सपाट. पण त्यापलीकडे टेकडी होती आणि तिच्यावर दोन ठिपके वरखाली होत होते. मी काय ओरडले ते तुम्ही ऐकलंतच. त्यांचा हात कॅबिनेटवर होता. "तापलाय," ते म्हणाले. "पन धरंल."

जाताना परसातल्या झाडाचे जाम पिशवीत घालून दिले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, ह्या गेममंदी जिंकायचं काय असतंय?"

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांचीही तीच समजूत होती.

या उन्हाळ्यात पंख्याचा आवाज यायला लागला म्हणून मी कुंभवलीला गेले. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "चाचा तो गये, मॅडम. बेटी के पास."

"कहाँ?"

"वापी बोले थे. या वलसाड. पक्का नहीं मालूम." मग त्याने फळीखालून पिशवी काढली. "आप उमरोलीवाली टीचर हैं ना? ये आपके लिए रख के गये."

आत ती वही होती. मला कसं कळवलं नाही, फोन का लागत नाही, मी येईनच हे त्यांना कसं ठाऊक, यातलं काहीच मला उलगडलेलं नाही. शेवटच्या पानावर, आकड्याच्या रकान्यात आकडा नव्हता. त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: 'टेकडी काढू नये.'

नवा लॅपटॉप आणा, मी वापरीन. तिथे सावल्या असतील, ढगही असतील. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. जुना कॉम्प्युटर आवाज करतो, पण चालतो. टेकडी दिसते.