स्वतःचं गणित स्वतः लिहिणाऱ्या महादेवी मॅडम

प्रा. महादेवी अळगीकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणाने, आणि ते भांडण मी हरलो. साठीच्या गौरवग्रंथात पहिल्याच वाक्यात असे लिहिणे शोभते की नाही, मला ठाऊक नाही. पण मॅडमशी ज्यांचे एकदाही वाजले नाही, त्यांची मॅडमशी ओळख झाली असे मी मानत नाही.

मी तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात नुकताच रुजू झालो होतो. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर. नोकरी लागल्याचाच आनंद एवढा होता की प्राचार्य सांगतील ते काम मी धावत करायचो. एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितले, "गणिताच्या अळगीकर मॅडमची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्याला उपाय नाही. तुमच्या विभागातला एक टायपिस्ट त्यांना द्या. त्या सांगतील, तो लिहील." मी टायपिस्टला बरोबर घेऊन गणित विभागात गेलो आणि मोठ्या उत्साहाने ही व्यवस्था मॅडमना सांगितली.

"ह्यांना गणित येतं का?" मॅडमनी विचारले.

"गणित नाही, पण टायपिंगचा वेग चांगला आहे."

"मग वेगानं चुका करतील की! मी काय दिवसभर कंस उघडा, कंस बंद करा म्हणून ओरडत बसू? आणि शेवटी कागदावर काय उमटलंय ते मला कोण सांगणार? हेच?" टायपिस्ट बिचारे दाराकडे सरकले. "मला माणूस नको, सर. मला बोलणारा कॉम्प्युटर द्या. गणित माझं आहे, मीच लिहिणार."

मी म्हणालो, "मॅडम, पण प्राचार्यांनी सांगितलंय." त्या म्हणाल्या, "मग प्राचार्यांना द्या की टायपिस्ट." त्या दिवशी टायपिस्ट परत गेले आणि मी संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज बसवायला लागलो.

मॅडम मूळच्या कानडी सीमेजवळच्या मैंदर्गी गावच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, पुढे गणित इंग्रजीत. पीएच.डी.पासून त्या सगळे लेखन लेटेकमध्ये करत आलेल्या. हे नाव ज्यांना नवे आहे त्यांच्यासाठी सांगतो. एरवी आपण जे सॉफ्टवेअर वापरतो त्यात पान डोळ्यांसमोर दिसते आणि माउसने हवे ते हवे तिथे बसवायचे असते. लेटेकमध्ये साध्या अक्षरांत सूचना लिहायच्या असतात: इथे अपूर्णांक, वर हे, खाली ते; इथे वर्गमूळ सुरू, इथे संपले. मग प्रोग्रॅम चालवला की छापील पान तयार होऊन बाहेर येते. डोळस माणसाला हा प्रकार उरफाटा वाटतो. पण साधी अक्षरे असल्यामुळे संगणकाचा आवाज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवू शकतो. ज्या दिवशी मॅडमनी स्वतः लिहिलेले समीकरण स्वतःच्या कानांनी तपासले, त्या दिवशी त्यांनी विभागात सगळ्यांना चहा पाजला, प्राचार्यांनाही.

अर्थात, ही व्यवस्था काही पहिल्या फटक्यात नीट बसली नाही. तो आवाज प्रत्येक खूण वाचायचा. एक साधा अपूर्णांक ऐकेपर्यंत चहा गार व्हायचा. मग आम्ही मॅडमच्या सोयीच्या आखूड सूचना तयार केल्या. भागाकाराला 'भाग', वर्गमुळाला 'मूळ', अशी रोमन लिपीत लिहिलेली घरगुती नावे. मराठीचा फॉन्ट बसवला. चूक झाली की प्रोग्रॅम थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो, तो क्रमांक यायच्या आधी मॅडमनी आपल्या धाकट्या बहिणीच्या आवाजातला "अय्यो!" रेकॉर्ड करून घातला. विभागातून "अय्यो!" ऐकू आले की व्हरांड्यातली मुलेसुद्धा म्हणायची, मॅडमचा कंस उघडा राहिला. सगळे बरोबर असेल तर मात्र संगणक गप्प. मी एकदा म्हणालो, बरोबर आल्यावरही काहीतरी वाजवू या. मॅडम म्हणाल्या, "कशाला? आमच्या घरात पण असंच हाय. चुकलं तरच बोलतात."

चूक शोधायची मॅडमची पद्धत आमच्या महाविद्यालयात आता सगळ्यांच्या तोंडी आहे. ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण टाकली की प्रोग्रॅम ती ओळ सोडून देतो. याला मॅडम 'झाकणे' म्हणतात. फाईल चालत नसेल तर निम्मी झाकायची. चालली, तर चूक झाकलेल्या भागात. नाही चालली, तर उघड्या भागात. मग त्या भागाचे पुन्हा निम्मे. करमाळ्याकडची एक मुलगी प्रकल्पाची फाईल बिघडली म्हणून रडत आली होती. मॅडमनी तिला आधी रडू दिले, मग आधी कानडीत आणि मग मराठीत म्हणाल्या, "साकु. आता पुरे. निम्मं झाक." स्वतः कीबोर्डला हात लावला नाही. मुलीने स्वतः चूक शोधली आणि जाताना दार जोरात लोटून गेली, इतकी ती खूश होती.

त्यांच्या माणुसकीचा एकच प्रसंग सांगतो. शबाना नावाच्या विद्यार्थिनीला आपल्या प्रबंधिकेतले ऋणनिर्देशाचे पान उर्दूत हवे होते. तिचे वडील रिक्षा चालवतात, त्यांना उर्दूच तेवढी वाचता येते. आता उर्दू उजवीकडून डावीकडे, बाकी सगळे डावीकडून उजवीकडे. पान काही केल्या नीट बसेना. मी म्हणालो, त्या पानाचा फोटो चिकटवून टाकू. मॅडम भडकल्या. "बापाला वाचायचंय ते, फोटो बघायचा नाही." त्यांना उर्दूचे एक अक्षर येत नाही. तरीही त्यांनी सगळी जोडणी बदलली, नवा फॉन्ट घातला, शबानाकडून ओळ न् ओळ वाचून घेतली आणि पान बसवले. शबानाचे वडील विभागात आले, त्यांनी ते पान मॅडमना मोठ्याने वाचून दाखवले. मग त्यांनी मॅडमना जुळे सोलापूरला घरी सोडले, आणि भाड्यावरून दोघांची खडाजंगी झाली. पैसे मॅडमनीच दिले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

वाणिज्य शाखेच्या पायाभूत गणिताचा पेपर मॅडम काढत. प्रत्येक प्रश्न इंग्रजीत आणि खाली मराठीत. एका वर्षी मुलांच्या हातात पेपर पडला आणि वर्गावर्गांत गलका उठला. इंग्रजी प्रश्न जागच्या जागी, मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन. परीक्षा थांबवावी लागली. दुपारपर्यंत सगळ्या महाविद्यालयाने निकाल लावून टाकला होता: ज्यांना दिसत नाही त्यांना पेपर काढायला दिला, दुसरे काय होणार? बैठक बोलावली गेली. पेपर काढणाऱ्यांच्या यादीतून मॅडमचे नाव कमी करावे आणि यापुढे त्यांनी वर्गाच्या टिपणांपासून सगळे लेखन मदतनिसाकडून करून घ्यावे, असा ठराव तयारच होता. म्हणजे पुन्हा तो टायपिस्ट. मॅडमनी हयात पणाला लावून मिळवलेली एकच गोष्ट, आपले गणित आपल्या हाताने लिहिण्याची, एका ठरावात जाणार होती. मला आतून संताप येत होता आणि भीतीही वाटत होती.

परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, आम्हांला तुमच्याबद्दल आदरच आहे. पण झालेली चूक तुम्हांला दिसणं शक्यच नव्हतं."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं. पेपर कुणी छापला, कुणी मोजला, कुणी पाकिटात घातला? त्यांना तर दिसत होतं की. त्यांनी बघितलं नाही, त्याला काय म्हणायचं?"

मॅडमनी मला संगणक पडद्याला जोडायला सांगितला. "ठराव नंतर करा. आधी पेपर दुरुस्त करू. सगळ्यांसमोर."

परीक्षा विभागाने छापलेली मूळ फाईल मी उघडली. दाराशी आमचे शिपाई सिद्राममामा उभे होते. मॅडम म्हणाल्या, "सिद्राममामा, पुढं या. पडद्यावर काय दिसतंय ते तेवढं सांगा."

"डबं हाईत मॅडम. रिकामं डबं. लई हाईत."

"श्रीनिवास, खालचे निम्मे प्रश्न झाक."

मी झाकले, प्रोग्रॅम चालवला.

"आता?"

"हाईत की. कमी झाल्यात, पर हाईत."

उरलेल्यातले निम्मे झाकले. चौकोन होतेच. पुन्हा निम्मे. शेवटी मॅडमचा एकूण एक प्रश्न झाकला गेला आणि मी त्यांच्या सांगण्यावरून शीर्षकाखालच्या रिकाम्या जागेत 'प्रश्न' एवढा एकच शब्द लिहिला. सिद्राममामा पडद्याजवळ जाऊन बघून आले. "न्हाय मॅडम. ह्यो बी डबाच."

"माझं सगळं झाकलं, तरी चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "आता तुमचं झाका."

परीक्षा विभाग लेटेकमधल्या प्रत्येक पेपरला छापण्याआधी आपली एक शीर्षकाची फाईल जोडतो. त्यात बोधचिन्ह, नाव, सूचना असतात. त्या वर्षी सगळे पेपर एकसारखे दिसावेत म्हणून त्या फाईलमध्ये कुणीतरी एक नवा फॉन्ट घालून ठेवला होता, आणि त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नव्हती. शीर्षक बोधचिन्हासकट चित्र म्हणून चिकटवलेले, त्यामुळे तिथे काही बिघडले नाही. बाकीच्यांचे मराठी पेपर टायपिस्ट दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये करत असल्यामुळे तेही वाचले. घाव बसला तो फक्त मॅडमच्या पेपरवर. मी शीर्षकाची ती ओळ झाकली आणि प्रोग्रॅम चालवला.

"आलं की!" सिद्राममामा ओरडलेच. "प्रश्न! व्हय मॅडम, 'प्रश्न' आलं बगा!"

मी सगळे प्रश्न पुन्हा उघडले. पडद्यावर पूर्ण पेपर आला, मराठी अक्षर न् अक्षर. मॅडम शांत बसल्या होत्या.

प्रमुखांनी (त्यांचे नाव लिहीत नाही, ते मॅडमच्या गौरवसमारंभालाही येणार आहेत आणि आता मॅडमचे स्नेही आहेत) घसा साफ केला. "ठीक आहे. चूक कुणाचीही असो, काळजी म्हणून मॅडमच्या पेपरला एक मदतनीस असावा."

"असू द्या," मॅडम म्हणाल्या. "छापलेला पेपर दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांखालून घातलाच पाहिजे. पण मग सगळ्यांच्या पेपरला तो नियम लावा. तुमच्या पण. एकटीच्या पेपरला लावणार असाल, तर तो नियम नाही, अपमान आहे. आणि लिहिणार मी. ते कुणाला देणार नाही."

ठराव मागे घेतला गेला. छापलेला प्रत्येक पेपर दुसऱ्या शिक्षकाने पाहायचा, हा नियम त्या बैठकीत झाला आणि आजही आहे. त्यात तेव्हापासून पुष्कळ चुका सापडल्या, बहुतेक उत्तम दृष्टी असलेल्यांच्या. फेरपरीक्षेचा पेपर मॅडमनीच काढला.

या ग्रंथाच्या संपादक मंडळाला मॅडमनी आधीच बजावले होते: 'प्रेरणास्थान' आणि 'अंधारावर मात' असले शब्द दिसले तर मी शाल घेणार नाही. म्हणून मी जपून लिहिले आहे. त्यांनी अंधारावर वगैरे मात केलेली नाही. त्यांनी आमच्यावर मात केली, आणि आमच्यावर ती व्हायलाच हवी होती. दिसत नाही म्हणजे जमत नाही, असे आम्ही सगळे सुशिक्षित लोक मनातल्या मनात ठरवून बसलो होतो. त्यांनी ते एकदाही मान्य केले नाही. वर्षानुवर्षे रोज मान्य न करणे किती थकवणारे असते, हे मी जवळून पाहिले आहे. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "श्रीनिवास, भांडायचा कंटाळा येतो रे. पण नाही भांडले तर हे लोक मला खुर्चीत बसवून ठेवतील, आणि हार घालतील." मॅडमवर माझे फार प्रेम आहे, आणि हे सांगायला मला आज कुणाची परवानगी नको.

मॅडम या महिन्यात निवृत्त होत आहेत. परिशिष्टांसकट बीजगणिताचे मराठी पुस्तक लिहायला त्यांनी घेतले आहे, त्यामुळे विश्रांतीच्या शुभेच्छा कुणी देऊ नयेत. त्यांना निरोगी, दणकट आणि लांबलचक आयुष्य लाभो. त्यांचे कान तीक्ष्ण राहोत, बोटे चालती राहोत, आणि त्यांच्याशी भांडायला आमच्यासारखी हरणारी माणसे त्यांना कधी कमी न पडोत.

जाता जाता एक खुलासा. या लेखानंतर मॅडमचे मनोगत आहे. संपादक मंडळाने त्याखाली 'शब्दांकन' म्हणून माझे नाव घातले होते. कुणी विचारलेही नव्हते, गृहीतच धरले होते. मी ते काढायला लावले. ते मनोगत मॅडमनी लिहिले आहे, मॅडमनी तपासले आहे, आणि छापायचे पानही त्यांनीच तयार करून पाठवले आहे. खाली एकच नाव आहे. दुसरे शोधू नका.