सापाला दिलेली मुदत

आम्ही खमीस मुशैतला राहायला जाणार म्हटल्यावर सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "तिथे पंखा तरी आहे ना गं?" सौदी म्हणजे वाळू, उंट आणि भाजून काढणारं ऊन एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. खमीस मात्र डोंगरावर. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागायचं, आणि आमच्या घरामागे चक्क डाळिंबाची झाडं होती. नवरा वीजवाहिन्यांची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होता. मुलगी सहा वर्षांची. मी घरीच.

घर गावाच्या टोकाला होतं. खाली आम्ही, वरच्या मजल्यावर केरळचं एक कुटुंब. त्यातला नवरा एका खासगी दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा, बायको तिथेच नर्स, आणि दिवसभर जिन्यावरून उड्या मारणारे दोन मुलगे. घरमालक शेजारच्याच घरात राहायचा. सत्तरीचा, काटक, दाढीला मेंदी लावणारा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो, आणि भारतीय माणसांशी बोलून बोलून त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. मागचं अंगण तिन्ही घरांचं मिळून एकच. अंगण संपलं की दगडावर दगड रचलेली एक जुनी भिंत आणि तिच्यापलीकडे चाचाची पायऱ्यापायऱ्यांची शेती.

एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा फुसफुसतो तसा आवाज आला. मला वाटलं, गॅस चालू राहिला. घरात जायला वळले, तर आवाज मागे राहिला. भिंतीच्या पायथ्याशी उन्हात एक साप पडला होता. माझ्या मनगटापेक्षा जाड, बुटका, मातकट, पाठीवर काळपट नक्षी. आपल्याकडच्या घोणशीचा जाडजूड चुलतभाऊच म्हणा ना.

मी कोकणातली. आमच्याकडे कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यात फुरशी निघायची, आणि वडील साप दिसला की मारायचे, मग आंघोळ करायचे आणि जेवायला बसायचे. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे मी ओला टॉवेल तिथेच टाकून जी ओरडले ती थेट "मारा, मारा!" असंच ओरडले.

ईदची आठवडाभराची सुट्टी होती. नवरा मुलीची प्लॅस्टिकची बॅट घेऊन धावत आला.

"अहो, त्या बॅटने काय मारणार? त्याला गुदगुल्या होतील!"

"मारायला नाही गं," तो म्हणाला, "हातात काहीतरी असावं म्हणून."

वरचा शेजारी मात्र लोखंडी पाइप घेऊन उतरला. त्याने मुलांना जिन्यावरच थांबवलं, बूट घातले, आणि पाइप उचलला. तेवढ्यात चाचा आपल्या दारातून ओरडला, "थांब! थांब!"

तो शांतपणे चालत आला. सापाकडे नीट पाहिलं. मग आम्हाला म्हणाला, "आधी त्याला सांगायचं. आमच्यात घराजवळच्या सापाला आधी सांगतात. तीन दिवस. तरी गेला नाही तर मग मारतात."

आणि तो खरंच सांगायला लागला. हात मागे बांधून, योग्य अंतरावर उभा राहून, जरा मोठ्या आवाजात, घर रिकामं करायला सांगावं तसं. साप जागचा हलला नाही.

"चाचा, ह्याला अरबी कळत नाही," शेजारी म्हणाला.

"अरबस्तानचा साप आहे," चाचा म्हणाला. "तुझ्यापेक्षा चांगली कळते."

आम्ही सगळे हसलो. शेजारीसुद्धा हसला, पण पाइप त्याने खाली ठेवला नाही. मुलांना अंगणबंदी झाली आणि तीन दिवसांची मुदत सुरू झाली.

संध्याकाळी शेजारी-शेजारीण आमच्याकडे चहाला आले, ते खरं म्हणजे भांडायलाच. शेजाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "भाभी, मी अ‍ॅम्ब्युलन्समधून एका मेंढपाळाला आणलं होतं. साप असाच, एवढाच. पाय मांडीपर्यंत काळानिळा. माणूस वाचला, पाय नाही वाचला. सापाला सांगत बसायची वेळ आहे का ही?"

"पण हा आपल्या अंगावर आलेला नाही," माझा नवरा म्हणाला. "आपल्या जागी पडलाय. आपण घर बांधलं त्याच्या आधीपासून भिंत आहे तिथे."

"आपण नाही बांधलं, चाचाने बांधलं."

"तेच. राहतोय आपण."

"माझे दोन मुलगे आहेत, भाईसाब. दोघंही माझं ऐकत नाहीत. साप तर मुळीच ऐकणार नाही."

मला शेजाऱ्याचंच पटत होतं. चावणार नाही अशी खात्री कोण देणार? पण त्याची बायको, जी दवाखान्यात ते सगळं रोज बघायची, ती हळूच म्हणाली, "तो मेंढपाळ म्हणाला होता, माझा पाय पडला त्याच्यावर. सापाने शोधून नाही चावलं." आणि तिने नवऱ्याकडे न बघता चहाचा कप उचलला.

पुढचे दोन दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायची. पोळ्या कमी आणि साप जास्त, असं चाललं होतं. ऊन वर आलं की तो दगडांतून बाहेर यायचा आणि ठेवल्यासारखा पडून राहायचा. ऊन तापलं की परत आत. एकदा एक चिमणी अगदी त्याच्या तोंडासमोर टुणटुणत गेली. माझ्या घशातून आवाज निघाला. साप मात्र ढिम्म. भुकेला नसावा. मुलगी स्टुलावर चढून माझ्या शेजारी उभी असायची. "मम्मी, वो बोअर नहीं होता क्या?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी ऊन आलं तरी तो दिसला नाही, तेव्हा गेला वाटतं म्हणून हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र मान उंचावून त्याला शोधत होते. मग दिसला, आणि मला बरं वाटलं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, त्याने माझी थट्टा केली असती.

चाचा रोज येऊन सापाला सांगून जायचा. दुसऱ्या दिवशी तर आवाजात विनवणीच होती.

मुदत संपली त्या सकाळी साप भिंतीजवळ नव्हता. तो अंगणात पुढे, नळाच्या वाटेवर आडवा पडला होता. आम्ही रोज पाणी भरायला जायचो ती वाट. चाचा आपली जाड काठी घेऊन आला. शब्द त्याचा होता, मुदत त्याने दिली होती, त्यामुळे काठीही त्यालाच धरावी लागणार होती. तो सापापासून काही अंतरावर उभा राहिला. काठी वर घेतली, खाली घेतली. पुन्हा वर घेतली.

"सांगितलं होतं मी तुला," तो म्हणाला. आधी अरबीत, मग आमच्यासाठी हिंदीत. आणि तसाच उभा राहिला.

"चाचा, थांबा," शेजारी म्हणाला. "एका फटक्यात मेला नाही तर? अर्धमेला भिंतीत घुसला तर रोजचीच पंचाईत." तो घरामागे गेला आणि पाण्याचा निळा प्लॅस्टिकचा पिंप लोळवत घेऊन आला. कारण त्याने व्यवहाराचं दिलं. पण चाचाच्या हातातली काठी त्याने ज्या पद्धतीने काढून घेतली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी घ्यावी तशी, त्यावरून मला कळलं की कारण तेवढंच नव्हतं.

पिंप सापासमोर आडवा ठेवला. शेजारी भिंत रंगवायच्या लांब दांड्याने मागून ढकलणार, आणि माझा नवरा झाकण घेऊन बाजूला उभा. साप फुगला. तो फुत्कार इतका मोठा होता की वरच्या गॅलरीतून मुलगे "ओऽऽ" करून ओरडले. मग तो दांड्यावर तुटून पडला. मला फक्त टक असा आवाज ऐकू आला, दिसलं काहीच नाही. त्यानंतर पिंपातला अंधार बघून तो आपणहून आत शिरला. नवऱ्याने पिंप उभा करून झाकण बसवलं, पण डोळे घट्ट मिटून.

"अहो, डोळे उघडा!"

"बसलं का झाकण?" त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

चाचाच्या पिकअपमध्ये दोरीने बांधलेला पिंप आणि तो धरून बसलेले दोघे. पुढे चाचा. मागच्या सीटवर मी, मुलगी आणि चाचाची बायको. तिने येताना कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा घेतला होता, जणू आम्ही सहलीला निघालो होतो. घाटात रस्त्याकडेला माकडं बसली होती. ती पिंपाकडे बघत होती, आणि चाचाची बायको हसून हसून डोळे पुसत होती.

वस्ती मागे पडल्यावर एका कोरड्या ओढ्याजवळ चाचाने गाडी थांबवली. झाकण सैल करून लांबून दोरीने पिंप आडवा पाडला. झाकण निघालं. साप बाहेर येईना. आम्ही दगडांवर बसून कॉफी प्यायलो. "यल्ला, यल्ला, चल आता!" चाचा पिंपाला म्हणाला. बऱ्याच वेळाने साप निघाला. वळवळत नाही, दोरीने ओढल्यासारखा सरळ, सावकाश, आणि झुडपात शिरला. मुलीने हात हलवला. शेजाऱ्याने पण हलवला, मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

तिथे त्याला आडोसा मिळाला का, तो जगला का, मला माहीत नाही. ओळखीच्या जागेवरून उचलून नेलेला साप कधीकधी तग धरत नाही, असं मी पुढे कुठेतरी वाचलं. तेव्हा वाईट वाटलं. तरी काठी खाली आली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं, एवढं नक्की.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिन्ही घरांतल्या पुरुषांनी भिंतीच्या फटी सिमेंटने भरल्या. काम करतानाही त्यांचा वाद चालूच होता. "परत आला तर मारणार," शेजारी म्हणत होता, आणि चाचा त्याला सिमेंट कमी कालवलं म्हणून रागवत होता.

पुढच्या वर्षी न्हाणीघरात एक लहानसा साप निघाला. अंगावर अंग घासून करकर आवाज करणारा, अगदी आपल्या फुरशासारखा. नवरा कामावर, मुलगी दारात उभी, तिच्या पायात चप्पलही नव्हती. मी फरशी पुसायच्या दांड्याने तो मारला. आजही तशीच वेळ आली तर मारीन. मुलगी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवताना तिने विचारलं, "मम्मी, तुला भीती वाटली होती?"

"हो. खूप."

तिने थोडा विचार केला. "देन इट्स ओके," म्हणाली, आणि आणखी एक पोळी मागितली.