रविवारच्या फोनचं वाक्य

धाराशिवला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दर शनिवारी तेरहून एक म्हातारे काका येतात. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं त्यांनी एक इंग्रजी वाक्य लिहून आणलेलं असतं. सून परदेशातली, तिला मराठी येत नाही. रविवारी तिकडून फोन येतो, आला तर.

"तिच्या मुलखात बोलत्यात तसं करून द्या," एवढंच म्हणतात. मी सुधारलेलं वाक्य तिथंच उभं राहून पुटपुटत पाठ करतात. चहा विचारला की हात जोडतात.

परवा पानावर होतं, 'हॅव यू टेकन युवर मील?'

"काका, तिकडं असं कुणी विचारत नाही," मी जरा तुटकच म्हणालो. "हाऊ आर यू म्हणा, बास."

"मग ती जेवली का न्हाय, ते कसं कळायचं?"

त्यांनी पान घडी करून तसंच खिशात ठेवलं. पायरीवर चपला घालता घालता मागं वळून म्हणाले, "सर, तुमी जेवलाव का?"

चार वाजले होते. मेसचा डबा टेबलाखाली तसाच पडून होता. बायको गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.