शेवंताबाईंनी दाबलेलं बटण

"फील्ड ठीक आहे. नाही बसत," असं म्हणून डॉक्टर सरांनी शेवंताबाईंची फाईल माझ्याकडे सरकवली. "पुढचा घ्या."

बसत नाही म्हणजे टक्क्यांत बसत नाही. दिव्यांगाच्या पेन्शनला सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर किमान चाळीस टक्के लागतात. मेंदूत गाठ आहे एवढ्यानं टक्के मिळत नाहीत. त्या गाठीनं काय हिरावलं ते मोजतात. शेवंताबाईंची गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. ऑपरेशन झालं, पण नजर गेली ती गेलीच. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. निदान एमआरआयवरून तरी तसंच वाटत होतं. मग फील्ड, म्हणजे कडेपर्यंतची नजर, ठीक कसं?

दवाखान्यात नजर तपासायचं काम माझं. फील्डच्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, बस. मी बाईंना परत बसवलं. मशीन सुरूच केलं नाही. तरी बटणाची टिकटिक चालू!

"अहो बाई, दिवा नाही तर दाबताय कशाला?" माझं तोंड आवरलं नाही.

"मंग? न्हाई दिसत म्हणलं तर नापास करताल की."

त्यांचा नवरा ज्ञानोबा शेजारीच होता. दिंद्रुडकडचं जोडपं, दरसाल ऊसतोडीला जाणारं. तो म्हणाला, "सायब, मुकादम इचारतो, तब्येत कशी हाय? बरी न्हाई म्हणलं की दोघांलाबी गाडीत घेत न्हाई. तिला बरी हाय म्हणायचीच सवय."

मला लई राग आला. कुणाचा, ते कळेना.

मी सरांकडे गेलो. "सर, हा रिपोर्ट धरू नका. परत करू."

"बाहेरची लाईन बघितली का?"

"बघितली. जेवणाच्या सुट्टीत करतो."

"करा बाबा!"

बाईंना समजावलं, "इथं उलटं असतं. दिसलं नाही तर गप बसायचं." त्यांना ते फार जड गेलं. बोट सारखं बटणाकडे जायचं आणि त्या ते मागे घ्यायच्या. इकडे स्क्रीनवर दोन्ही कडा काळ्या होत चालल्या.

"हे काळं काय हाय?" ज्ञानोबानं विचारलं.

"तिथलं त्यांना दिसत नाही."

तो बाईंकडे वळला. मग म्हणाला, "अगं, मंग गेल्या साली फडात ट्रॅक्टर आला की बाजूला कशी होत गेलीस?"

"आवाज यायचा की," मशीनमधून डोकं न काढता त्या म्हणाल्या.

टक्के चाळीसच्या वर गेले. सरांनी सही केली. मला तर नोकरीत प्रमोशन मिळाल्यासारखं झालं होतं. सर्टिफिकेट हातात देताना मी मोठ्यानं म्हणालो, "अभिनंदन, शेवंताबाई!"

त्यांनी हात जोडले. ज्ञानोबा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

मी गेल्या वर्षी रिटायर झालो. त्या दिवसानंतर तोपर्यंत सर्टिफिकेट देताना फक्त एवढंच म्हणत आलो, "नाव बरोबर आहे का, बघून घ्या."