डाव्या बाजूचा वळ

खरं बोलून सोताचं नुकसान करून घेनारा मानूस बघायचाय? मग या श्रीगोंद्याला. माझ्या चहाच्या दुकानाला लागून गोरक्षभाऊचं गॅरेज हाय. मी राहीबाई, तीस वर्सं त्याची शेजारीन.

पत्रा ठोकायचा त्याचा धंदा. टेम्पो आना, जीप आना, चेपलेलं सरळ करून देनार. पन नाव झालं ते इंपालामुळं. एका बड्या कंत्राटदाराची ती जुनी अमेरिकन गाडी. वीस वर्सांमागं झाडावर आदळली. पार्ट कुठंच मिळंना. तवा गोरक्षभाऊनं कोऱ्या पत्र्यातून अख्खी डावी बाजू हातानं घडवली.

शेवटचा हात मारत हुता, आन् दवाखान्यातून निरोप आला, रतनबाई गेली. त्याची बायको. हातोडा निसटला, मागच्या चाकाच्या वर पत्र्याला वीतभर वळ उठला. तेरावं उरकून कामावर आला, पन त्यो वळ काय त्यानं काढला न्हाई. तसाच रंग मारला. मालकाच्या ध्यानातबी आलं न्हाई. पुढं ती गाडी रस्त्यानं गेली की ह्यो हातातलं काम टाकून बघत ऱ्हायचा. येडा कुठला!

औंदा मालक वारले. त्यांचा ल्योक धवल पुण्याहून गाडी घिऊन आला, आन् मोबाईलवर चित्रं दाखवाय लागला.

"काका, गाडीचा फोटो दिला, एआयनं नवं रूप काढून दिलं. अगदी अशीच करायची."

काळीकुळकुळीत, जमिनीला टेकलेली इंपाला. आन् दोन्ही बाजूंना त्यो वळ! पार दिव्यापत्तूर ताणलेला.

"ही रेघ बघा, काय डिझाईन होतं त्या काळी! उजवीकडची बहुतेक दुरुस्तीत गेली. तिकडंही उठवून द्या."

मी डोळ्यानंच खुणावलं, गप ऱ्हावा. गप बसला आसता तर रतनबाईची खूण जल्मभर ऱ्हायली आसती. कुनाच्या बापाचं काय जात हुतं?

पन ह्याला खोटं पचंल तर शपथ. "मालक, ती रेघ कंपनीची न्हाई. माझा हात चुकला हुता."

कशापायी चुकला, ते सांगितलंच न्हाई. मी तोंड उघडलं, तर त्यानं आसं बघितलं माझ्याकडं, की मी कपबशा गोळा कराय लागले.

धवल हिरमुसला. "अरेच्चा! मग काढूनच टाका." तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर दोनीबी वळ पुसले. "पुण्यात करून घेऊ का?"

"नगं. मीच करतो."

दुपारभर बारीक बारीक ठोके ऐकू येत हुते. माझा जीव तुटत हुता. ठोके थांबले तशी चहा घिऊन गेले. डोळे मिटून त्यो पत्र्यावर तळहात फिरवीत हुता, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"झालं का भाऊ?"

"राहीबाई," त्यो म्हनला, "कुठं हुता वो त्यो? मला घावंना."