मरळीसाठी एक वर्ष

मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही, आणि गळ धरायला मला आईनेच शिकवलं. आमचे हे रिटायर झाले तेव्हा मुलाने आम्हाला चेन्नईला बोलावून घेतलं. तो ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे. घर तिथून जवळच, आणि घरामागे एरी. एरी म्हणजे आपलं तळंच. ह्यांना जागा फार आवडली, मला मात्र गावचं घर बंद करून यायचं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, वर्षभर राहून बघते. या एरीतून माझ्या हाताने एक मरळ निघाली तर राहीन, नाही तर आपण परत. ह्यांनी लगेच मान डोलावली. त्यांना वाटलं, मासाच तो, आठवड्यात मिळेल.

आम्ही आलो ते उन्हाळ्याच्या शेवटाला. मृग लागला तशी मी काठी काढली. आमच्याकडे तेव्हा नवं पाणी येतं, मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, काठावर नुसतं बसायचं. ह्यांनी जन्मभर गांडूळ दिसलं की पाय मागे घेतला, पण त्या दिवशी गच्चीवरच्या कुंड्या उकरून स्वतः डबा भरला. गेलो तर काय, एरीच्या मधोमध मुलं क्रिकेट खेळत होती आणि उरलेल्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या. गांडुळांचा डबा घेऊन तसेच परत.

खालच्या मजल्यावर घरमालकीण अक्का राहतात. याच एरीकाठी जन्मल्या, त्यामुळे हसायचा हक्क त्यांचा. त्या मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या गावचा पाऊस इथे कशाला शोधताय? आमचा ऐप्पसीत येतो, दिवाळीच्या सुमाराला. तोवर काठीला तेल लावून ठेवा."

म्हणजे निम्मं वर्ष वाट बघण्यातच जाणार. ह्यांचा चेहरा उतरला. मी मात्र मनात म्हटलं, बरंच झालं.

दिवाळीनंतर एरी बांधापर्यंत भरली. पाणी चहासारखं. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, तो वासावर येतो, म्हणून आमिष गांडुळाचंच, आणि गळ टाकायचा तो ओढा एरीत शिरतो तिथे. मोरपिसाची दांडी तरंगत ठेवायची. ती बुडाली की हिसका द्यायचा, विचार करत बसायचं नाही. अशी मला जिलेबी मिळू लागली. इथे जिलेबी म्हणजे चपटा, भरपूर काट्यांचा मासा, चिंचेच्या रश्शात छान लागतो. हे रोज ताटावर विचारायचे, ही नाही का चालणार? मी म्हणायची, ठरलं ते मरळीचं ठरलं.

पोंगल झाला, पाणी निवळलं. मग चैत्रात ते उतरायला लागलं, मासे उरल्या पाण्यात एकवटले आणि आमचं वर्षही सरत आलं. आता अक्काच माझ्यासोबत येऊ लागल्या. मरळीला अधूनमधून वर येऊन श्वास घ्यावा लागतो, तर कमळाच्या पानांच्या कडेला नजर ठेव, म्हणाल्या. गळाला छोटा बेडूक लाव. आणि तिने धरला की ओढू नकोस, एक विडा लावून होईल इतका वेळ तिला गिळू दे.

एका सकाळी हेही सोबत आले होते. पान हललं आणि दोरी सरसर निघाली. अक्का म्हणाल्या, थांब. पण हाताला जिलेबीची सवय लागलेली, मी हिसका दिलाच. मरळ पाण्याबाहेर आली, काळीभोर, माझ्या मनगटाहून जाड. बेडूक टाकला आणि गेली.

हे बांधावर खालीच बसले. घरी आल्यावर पाय धुतले आणि हळूच विचारलं, "मग सामान कधी बांधायला घ्यायचं?"

"कसलं सामान? इतकी मोठी मरळ डोळ्यांनी बघितली. तिला अशीच सोडून कशी जाऊ? अजून एक वर्ष बघावं लागेल."

ह्यांनी त्या दिवशी जिलेबीचा रस्सा दोनदा मागून घेतला, काट्यांची तक्रार न करता.

संध्याकाळी मी गावी दिरांना फोन केला. म्हटलं, भाऊजी, ओसरीत वर माझी लांब काठी खोचलेली आहे. इकडे कुणी येणारं असलं तर पाठवून द्या.